ट्रिगर दाबल्यावर, ट्रिगर सोडल्यावर

‘ट्रिगर चालत नाही’ ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की तिच्या पोटातल्या वेगवेगळ्या तक्रारी आता ऐकतानाच सुट्या होतात. एकाचा ट्रिगर दाबला तरी तोफ गप्प असते. दुसऱ्याची तोफ सुरू होते आणि मध्येच तुटते. तिसऱ्याने बोट काढलं तरी गोळ्या थांबत नाहीत. चौथा एकदा दाबतो आणि दोन मिसाईल सुटतात. आणि एखाद्याचं विमान हवेत आल्या आल्या, कुणी काही न करता, गोळ्या झाडत सुटतं. सांगताना सगळे तेच तीन शब्द सांगतात, पण प्रत्येकाचं मूळ निराळ्या जागी असतं. म्हणून जॉयस्टिक हातात घेण्याआधी मी विचारते, ‘नेमकं काय होतं? कुठली गेम, कुठलं विमान? आणि तेव्हा दांडा कुठल्या बाजूला ओढलेला होता?’ शेवटच्या प्रश्नावर लोक थबकतात. ते फार थोड्यांनी पाहून ठेवलेलं असतं.

पुण्यात आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. गेमचे कंट्रोलर, की-बोर्ड, माऊस, छोटे अँप्लिफायर असं सगळं येतं. पण लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरच्या जॉयस्टिक आल्या की त्या माझ्या टेबलावर यायच्या, हे आमच्यात ठरून गेलं आहे. मला या कामाची आवड आहे, आणि ती आणणाऱ्या माणसांबद्दल आदरही आहे. ‘डीसीएस’ या गेममधलं एकच विमान नीट यायचं म्हटलं तरी शेकडो पानांची पुस्तिका वाचावी लागते. ‘फाल्कन ४.०’ ही गेम १९९८ साली आली, तिची पुढे घडवत नेलेली आवृत्ती लोक आजही उडवतात. ‘आयएल-२ स्टुर्मोव्हिक’ २००१ची, तिचेही जुने चाहते टिकून आहेत. दिवसभर बँकेत, कारखान्यात, कॉलेजात घालवून रात्री हा माणूस इंजिनाचं तापमान, इंधन, वाऱ्याची दिशा सांभाळत उडतो, कष्टाने शत्रूच्या शेपटीमागे जाऊन पोचतो, आणि नेमकी तेव्हाच बोटाखालची कळ दगा देते. ‘खेळणंच आहे, नवीन घ्या’ असं त्याला तोंडावर सांगणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. शिवाय चांगल्या जॉयस्टिक परदेशातून येतात, महाग असतात, आणि आतला बिघडलेला भाग पुष्कळदा शंभर रुपयांच्या आतला असतो.

ट्रिगर स्वतः काहीच झाडत नाही. कळ ओढली की ती आतल्या मायक्रोस्विचची बारीक गुंडी दाबते. स्विचमधली पातळ पत्री टिक् करून उलटते आणि दोन संपर्क एकमेकांना भिडतात. हँडलमधून बुडाच्या डब्यापर्यंत गेलेल्या तारेतून ही गोष्ट एका चिपला कळते. चिप त्या बटणापुढच्या शून्याचा एक करते आणि संगणकाने विचारलं की सांगते. ही विचारणा सेकंदाला सव्वाशे वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी, हे नेहमी आढळणारं प्रमाण. विंडोज ती बातमी गेमला देतं. गेम आपल्या यादीत पाहते, की या जॉयस्टिकचं हे बटण या विमानात कुठल्या कामाला लावलं आहे. आणि सगळ्यात शेवटी विमान स्वतः ठरवतं: मास्टर आर्म, म्हणजे शस्त्रांची मुख्य कळ, चालू आहे का, तोफ निवडली आहे का, गोळ्या शिल्लक आहेत का, चाकं जमिनीवर तर नाहीत ना. यातल्या कुणीही नकार दिला की माणसाला एवढंच दिसतं की आपण दाबलं आणि काही झालं नाही.

या रस्त्यावर मध्येच एक तपासनाका आहे आणि तो प्रत्येक विंडोजमध्ये फुकट मिळतो. ‘रन’ उघडून ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप केलं की जॉयस्टिक तपासायची खिडकी उघडते. तिथे बटणांचे लाल ठिपके असतात, दाबलेल्या बटणाचा ठिपका उजळतो. माझं पहिलं काम तिथे. ठिपका उजळत असेल तर स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही. स्विच, तार, चिप, केबल या सगळ्यांनी आपलं काम केलेलं आहे आणि दोष पुढे गेममध्ये किंवा कॉकपिटमध्ये शोधायचा. उजळत नसेल तर गेमची सेटिंग उलटीपालटी करण्यात रात्र घालवायची नाही. लोक नेमकं उलट करतात. गेम काढून पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, एकाच वेळी चार गोष्टी हलवतात, आणि मग दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही. अशा गेलेल्या दोषावर माझा विश्वास नाही.

दोन टप्प्यांच्या ट्रिगरने या बाबतीत बऱ्याच जणांना हैराण केलं आहे. थ्रस्टमास्टरची वॉर्टहॉग जॉयस्टिक ए-१० सी विमानाच्या दांड्यावरून बनवलेली आहे. अर्धा ट्रिगर ओढला की विंडोजमध्ये १ नंबरचं बटण लागतं, पूर्ण ओढला की १ तसंच राहून ६ नंबरही लागतं. खऱ्या विमानात या दोन टप्प्यांना अर्थ आहे. पहिल्या टप्प्यावर विमानाची स्वयंचलित यंत्रणा नेम स्थिर धरायला लागते, दुसऱ्यावर तोफ सुटते. आता ज्याने तोफेला फक्त १ नंबर दिलेला असतो, त्याची तोफ बोट टेकताच धडधडायला लागते. ज्याने दोन्ही नीट दिले आहेत पण डावीकडच्या पॅनेलवर तोफेची वेगळी कळ ‘सेफ’वरच सोडली आहे, त्याचं मास्टर आर्म चालू असूनही काही होत नाही. असा एक कॉलेजचा मुलगा आला होता. त्याने घरी ट्रिगरमध्ये स्प्रे मारून पाहिला होता, केबल बदलली होती. माझ्या संगणकावर दोन्ही ठिपके स्वच्छ उजळले. मी त्याला त्याचंच विमान उघडायला सांगितलं आणि ट्रिगर बाजूला ठेवून तोफेचा रस्ता उलट्या दिशेने, तोफेकडून बोटाकडे, बोलून दाखवायला सांगितला. तिसऱ्या पायरीला तो स्वतःच थांबला आणि कळ वर केली.

स्पिटफायरवाल्यांचंही असंच होतं. तिच्या गोल दांड्यावरच्या बटणाभोवती ‘सेफ’ आणि ‘फायर’ असं फिरवायचं कडं असतं, आणि खऱ्या विमानात त्या बटणापासून बंदुकांपर्यंत वीज नव्हे, दाबलेली हवा जायची. कडं फिरवलं नाही तर बटण कितीही दाबा.

तारेची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. चिंचवडच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ जॉयस्टिक घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवणारे, त्यातही अमेरिकेचं पी-५१ मस्टँग हे त्यांचं लाडकं. तक्रार अशी की सरळ उडताना बंदुका व्यवस्थित चालतात, जोरात वळलं की बंद पडतात. त्यांच्याकडे कारणही तयार होतं, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. पी-५१ बीच्या पातळ पंखात बंदुका उभ्या मावत नव्हत्या म्हणून त्या तिरक्या बसवल्या होत्या. वळणात ताण वाढला की गोळ्यांचा पट्टा नीट ओढला जात नसे आणि बंदुका अडकत. पुढे पी-५१ डीमध्ये त्या सरळ बसवल्या आणि चाराच्या सहा केल्या. ‘ताई, गेमवाल्यांनी हेसुद्धा घातलेलं दिसतंय,’ ते कौतुकाने म्हणाले. मी म्हटलं, ‘मग जॉयस्टिक का घेऊन आलात?’ तर म्हणाले, ‘काल स्पिटफायरमध्येही तेच झालं.’

वळताना हात काय करतो? दांडा मागे आणि एका बाजूला, कोपऱ्यात नेतो. मी तपासायची खिडकी उघडली, त्यांना ट्रिगर दाबून धरायला सांगितला आणि त्यांच्या मुठीवर हात ठेवून दांडा सावकाश मागे उजवीकडे नेला. अगदी कोपऱ्यात ठिपका विझला. बोटाची पेरं दाबून पांढरी पडलेली होती, म्हणजे बोट काही सुटलं नव्हतं. किंचित पुढे आणला, पुन्हा उजळला. डाव्या कोपऱ्यात काहीच होईना. ते माझ्या हाताकडे बघत होते, पडद्याकडे बघत होते, पुन्हा हाताकडे. ‘सोडू नका, अजून एकदा,’ मी म्हटलं. पुन्हा तोच कोपरा, पुन्हा विझला.

मग हँडल उघडलं. अशा हँडलचे दोन अर्धे भाग असतात. ते वेगळे करताना ट्रिगरवर अंगठा दाबून ठेवावा लागतो, नाहीतर आतली स्प्रिंग उडते आणि दुपार ती शोधण्यात जाते. ट्रिगरच्या दोन तारा बाकीच्या तारांबरोबर जुडीने खाली जात होत्या. दांडा ज्या सांध्यावर फिरतो त्याच्या तोंडाशीच जुडी करकचून बांधलेली होती. बाहेरून सगळ्या तारा गुळगुळीत. मी एकेक तार दोन नखांत धरून दुमडत गेले. धड तार दुमडताना जरा अडते, आतलं तांबं विरोध करतं. एक तार त्या जागी नुसत्या दोऱ्यासारखी वाकली. आवरण शाबूत होतं, आतले तांब्याचे धागे तुटलेले होते. दांडा सरळ असताना त्यांची टोकं एकमेकांना टेकायची आणि कोपऱ्यात ओढ बसली की सुटायची. सिलिकॉनच्या आवरणाची, पुष्कळ बारीक धाग्यांची मऊ तार घातली, डाग दिले, जुडी सांध्यापासून वर बांधली आणि सांध्याजवळ सैल वेटोळं ठेवलं. चारही कोपऱ्यांत ट्रिगर दाबून पाहिला. ते गृहस्थ जाताना म्हणाले, ‘पण तिरक्या बंदुकांचं खरं आहे हो.’ खरंच आहे. म्हणून तर तो समज इतका पक्का बसला होता.

स्विच बिघडला की तो एका दिवसात मरत नाही. चिपला ट्रिगर कळण्यासाठी त्यातून फार थोडा प्रवाह जातो: ३.३ व्होल्ट आणि १० हजार ओहमचा रोध धरला तर एका मिलिअँपिअरचा तिसरा हिस्सा. जास्त प्रवाहाच्या स्विचमध्ये संपर्कावरचा काळा थर ठिणगीने जळून जातो, इथे तसं होत नाही. चांदीच्या संपर्कावर चढलेला थर चढतच राहतो. म्हणून अशा कामाला सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचा स्विच बरा. आणि मीटरची बीप ऐकून समाधान मानू नये असं मी हाताखालच्या मुलांना बजावते. मीटर ओहमवर लावा आणि आकड्याकडे बघा. नव्या स्विचला एक ओहमच्या आसपास दिसतं आणि आकडा स्थिर राहतो. जुना कधी चाळीस दाखवतो, कधी दोनशे, बोट हललं की सहाशे. चिपला सहाशे ओहमसुद्धा चालतात, त्यामुळे दुकानात ट्रिगर ‘एकदम ओके’ ठरतो, आणि ज्या रात्री तो पाच-सहा हजारांवर जातो त्या रात्री घरी बंद पडतो. पॉलिश पेपर घासणं हा यावरचा वाईट उपाय. मुलामा जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत स्विच पहिल्यापेक्षा खराब होतो. मी बुधवारात, पासोड्या विठोबाच्या बाजूच्या दुकानांतून त्याच मापाचा स्विच आणते आणि बदलते.

हे सगळं ‘दाबल्यावर’चं झालं. ‘सोडल्यावर’कडे माझं लक्ष वळवलं ते एका काकांनी. हवाई दलातून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं मिग-२१वर शस्त्रांच्या विभागात गेलेली. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेली विमानं त्यांनी हाताळली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला गेला. त्यानंतर नातवाच्या संगणकावर काका तेच विमान उडवायला लागले. नातवाची जॉयस्टिक घेऊन ते आले आणि मी तपासत असताना शेजारच्या स्टुलावर बसून बघत राहिले. मी ट्रिगर दाबून ठिपका पाहिला, कोपरे पाहिले, ओहम पाहिले, ‘ठीक आहे’ म्हटलं.

‘दाबल्यावर येतंय ते बघितलंस,’ काका म्हणाले. ‘न दाबता येत नाहीये, हे कधी बघणार?’

मग त्यांनी सांगितलं की विमानावर शस्त्र जोडण्याआधी त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत भटकी वीज नाही ना, हे आधी तपासतात. ट्रिगर दाबलेला नसताना त्या तारेत काहीही दिसलं तर काम तिथेच थांबतं. ‘न सुटलेली गोळी परत आणता येते गं,’ ते म्हणाले, ‘नको तेव्हा सुटलेली नाही.’ ते हे बोलले तेव्हा आवाजात उपदेश नव्हता. रोज पाळलेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलतो तसं ते बोलले.

तेव्हापासून माझ्या तपासणीचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला. ट्रिगर मोकळा ठेवून स्विचच्या दोन पायांमधला रोध मोजायचा, तो अमर्याद हवा. ट्रिगर सावकाश, अगदी सावकाश सोडायचा आणि ठिपका कुठे विझतो ते पाहायचं. दांडा चारही बाजूंना झटकायचा, बोट न लावता. यूएसबी काढून पुन्हा लावायची आणि पहिल्या क्षणी काही उजळतं का बघायचं.

त्याचा उपयोग रत्नागिरीहून आलेल्या एका जॉयस्टिकला झाला. तिच्यात पावसाळी रात्री तोफ आपोआप सुरू व्हायची, दुपारी सगळं सुरळीत. मुलाने कुरिअरने पाठवली होती आणि पुण्यात माझ्या टेबलावर ती गुणी बाळासारखी वागत होती. दिवस गेले, दोष काही दिसेना. शेवटी हँडल उघडून मीटर स्विचच्या पायांना लावून ठेवला. ट्रिगर मोकळा, मीटर अमर्याद दाखवत होता. मी वाकून त्या जागेवर तोंडाची वाफ सोडली. आकडा उमटला आणि उतरायला लागला: चारशे हजार, दीडशे हजार, साठ, पंचवीस, बारा हजार. मग वाफ सुकली तसा तो वर चढत पुन्हा नाहीसा झाला. भिंग लावून पाहिलं तेव्हा पायांच्या मधल्या जागेत पिवळसर, चकाकणारा पापुद्रा होता. फोनवर विचारलं, ‘यावर काही सांडलं होतं का?’ मुलगा गप्प. मागून आईचा आवाज आला, ‘उन्हाळ्यात कोकम सरबत सांडलं होतं, पुसलं होतं की लगेच.’ साखर हवेतली ओल ओढून घेते, ओली साखर-मिठाची फिल्म वीज वाहते, आणि काही चिपच्या आतला रोध वीस ते पन्नास हजार ओहमचा असल्यामुळे एवढी गळतीही तिला ‘दाबलं’ असं वाटायला पुरते. कोकणात पावसाळ्याच्या रात्री किती ओल असते ते वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण अनेक जण इथे अडतात. अशी जागा थेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून उपयोग नाही. साखर त्यात विरघळत नाही. आधी कोमट डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने धुवायचं, मग अल्कोहोल मारायचं म्हणजे ते पाणी ओढून नेतं, मग पूर्ण सुकू द्यायचं. स्विचच्या आत सरबत गेलं असेल तर स्विच बदलायचाच. मी दोन्ही केलं, पुन्हा वाफ सोडली, मीटर हलला नाही.

गेमच्या यादीतले घोळ तितके रंजक नसतात, पण संख्येने तेच जास्त. डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाची बटणांची यादी वेगळी असते, त्यामुळे एका विमानात तोफ चालते म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही. जॉयस्टिक दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की तिची ओळख बदलू शकते आणि जुनी यादी तिला लागू होत नाही. म्हणून खाचांना स्टिकर लावा, हे मी प्रत्येकाला सांगते. आयएल-२च्या नव्या मालिकेत जोडलेल्या उपकरणांना क्रमांक असतात. नवे पेडल आले आणि क्रमांक सरकले की ट्रिगरचं काम भलत्याच उपकरणाकडे जातं. आपोआप गोळ्या झाडणाऱ्या विमानात पुष्कळदा थ्रॉटलवरची एखादी खटक्याची कळ दोषी निघते: ती एकदा वर केली की वरच राहते, म्हणजे संगणकाच्या लेखी ते बटण कायम दाबलेलं, आणि गेमने तिलाही तोफेचं काम देऊन ठेवलेलं असतं. स्टीममध्ये कंट्रोलरसाठीची जी सोय आहे ती मध्ये पडून बटणाचं भलतंच काहीतरी करते, ती बंद करून पाहावी. आणि लॅपटॉपवर यूएसबीला झोपवणारी वीजबचत चालू असेल तर तीही बंद करावी.

दोन मिसाईल सुटण्याचा प्रकार मला विशेष वाटतो, कारण तोच बिघडलेला स्विच तोफेच्या बाबतीत लपून राहतो. संपर्क भिडताना काही मिलिसेकंद उसळतात, भिडतात-सुटतात-भिडतात. ए-१०ची जीएयू-८ तोफ मिनिटाला ३,९०० गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे एका गोळीला सुमारे पंधरा मिलिसेकंद. तिच्या १,१७४ गोळ्या बोट दाबून धरलं तर अठरा सेकंदांत संपतील. एवढ्या ओघात दहा मिलिसेकंदांची उसळी कुणाला कळणार? पण एका दाबाला एक मिसाईल असा हिशेब आला की तीच उसळी दुसरा दाब ठरते. जॉयस्टिकमधलं सॉफ्टवेअर ही उसळी गाळतं, पाच ते वीस मिलिसेकंद थांबून. काही जॉयस्टिकमध्ये हा वेळ आपल्याला वाढवता येतो आणि लोक तो शंभरापर्यंत नेतात. दोष दिसेनासा होतो हे खरं. पण तोपर्यंत ट्रिगर सुस्त झालेला असतो, आणि आत स्विच झिजतच असतो. माझं मत असं की वीसने काम भागत नसेल तर स्विच बदला.

काका मात्र निराळ्याच कारणासाठी पुन्हा आले. या वेळी जॉयस्टिक त्यांनी स्वतःसाठी घेतलेली होती, दोन टप्प्यांच्या ट्रिगरची. तोफ दुसऱ्या टप्प्यावर लावलेली, आणि ती कधी सुटायची, कधी नाही. मी दाबला तर दोन्ही ठिपके दर वेळी उजळत होते. मग मी त्यांना दाबायला सांगितलं आणि पडद्याऐवजी बोटाकडे बघितलं. तर्जनीचं मधलं पेर सुजलेलं होतं, ते पूर्ण वाकत नव्हतं. पहिला टप्पा यायचा, दुसऱ्याला जोर पुरायचा नाही. जॉयस्टिक निर्दोष होती आणि काकांनी दुखण्याचा उल्लेखही केला नव्हता.

तोफ पहिल्या टप्प्यावर आणली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. काकांना ते मान्य नव्हतं. ‘पहिल्या टप्प्यावर बोट टेकवून ठेवायचं असतं. तिथेच सुटायला लागली तर टेकवू कुठे?’ अंगठ्याखालचं बटण सुचवलं, त्यालाही नाही म्हणाले. मग ट्रिगरची स्प्रिंगच बदलायची ठरवली. मूळच्यापेक्षा पातळ तारेच्या, त्याच व्यासाच्या स्प्रिंगा आणल्या आणि एकेक घालून काकांच्याच बोटाने तपासल्या. सगळ्यात हलकी त्यांना फार आवडली, पण सोडताना कळ पूर्ण मागे येत नव्हती, दुसरा ठिपका क्षणभर रेंगाळत होता. ‘ही नको,’ काका माझ्या आधी म्हणाले. तिच्याहून जरा जड घातली. तिच्यात दोन टप्प्यांमधला खटका बोटाला स्पष्ट लागत होता आणि सोडल्यावर ठिपके लगेच विझत होते. काकांनी दहा-बारा वेळा दाबून, सोडून, दांडा झटकून पाहिला. मग गणवेशातल्या सवयीने म्हणाले, ‘सर्किट सेफ.’

दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जॉयस्टिकच्या केबलला मी एक चिठ्ठी बांधते: काय होत होतं, कशामुळे होत होतं, काय बदललं. कारण हाती लागलं नसेल तर तसं स्पष्ट लिहिते आणि पैसे घेत नाही, मग दोष सध्या गायब का असेना. सध्या एका मुलीची जॉयस्टिक अशा अवस्थेत आहे. तासभर उडल्यावर ट्रिगर मध्येच तुटतो, थंड झाल्यावर परत येतो. ओहम स्थिर आहेत, चारही कोपरे ठीक आहेत, वाफ सोडूनही काही हलत नाही. तिला मी जॉयस्टिक परत दिली आहे आणि एक वही: कुठली खाच, मधला हब होता की नाही, पंखा चालू होता का, तुटला तेव्हा बाकीची बटणं चालत होती का. शेवटच्या रकान्यावर माझा भर आहे. बाकीची बटणंही त्याच वेळी जात असतील तर शोध चिपकडे आणि यूएसबीच्या विजेकडे जाईल, एकटा ट्रिगर जात असेल तर त्याच्या दोन डागांकडे. शनिवारी ती वही घेऊन येणार आहे. तोवर मी तिचा स्विच बदललेला नाही.